सिलिंडरला टाकी

यंत्रयुगाचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा धुराड्यावर, चाकावर, फार तर दट्ट्यावर खिळते. परंतु ज्या पोकळ नळकांड्यात तो दट्ट्या रात्रंदिवस खालीवर होत असतो त्याची आतली भिंत, इंजिन बंद असताना झाकलेली आणि चालू असताना मुळीच न दिसणारी, त्यांच्या दफ्तरात क्वचितच रुजू होते. वस्तुतः इंजिन वाफेचे असो, तेलाचे असो वा पेट्रोलचे, त्याचे सारे सामर्थ्य या एका भिंतीच्या इमानावर अवलंबून असते. तिने वाफ किंवा वायू निसटू दिला की कोळसा व्यर्थ, तेल व्यर्थ आणि कारागिराची मेहनतही व्यर्थ. ही भिंत घडवण्याचा, आणि झिजली म्हणजे तिला पुन्हा ताजी करण्याचा, इतिहास तीनशे वर्षांचा आहे, आणि त्यातील मौज अशी, की पहिली दोनशे वर्षे मनुष्य ती गुळगुळीत करण्यासाठी झटला, व ती मनासारखी गुळगुळीत होऊ लागल्यावर तिच्यावर बुद्धिपुरस्सर ओरखडे काढू लागला.

आरंभ करावयाचा तो १७१२ पासून. त्या वर्षी इंग्लंडात डडली कॅसलजवळच्या कोळशाच्या खाणीवर टॉमस न्यूकोमेनने पाणी उपसण्याचे जे बाष्पयंत्र उभारले, त्याचे सिलिंडर पितळेचे होते. व्यास एकवीस इंच आणि उंची जवळजवळ आठ फूट. पितळ महाग खरे, पण ते सफाईने ओतता येई आणि घासावयासही नरम असे. पुढे कोलब्रुकडेलच्या भट्ट्यांनी ओतीव लोखंडाची स्वस्त सिलिंडरे देण्यास प्रारंभ केला तेव्हा लोखंडाचा खरबरीतपणा हीच मोठी अडचण होऊन बसली. न्यूकोमेनच्या यंत्राला मात्र भिंतीच्या वाकडेपणाचे फारसे सोयरसुतक नव्हते. दट्ट्याच्या माथ्यावर चामड्याची चकती बसवलेली असे आणि तिच्यावर पाण्याचा थर सतत राखलेला असे. जेथे फट राहील तेथे पाणी उतरून ती बुजवी, आणि सिलिंडर दर फेऱ्याला थंड करावयाचेच असल्यामुळे त्या पाण्याने काही बिघडतही नसे.

तरीही काहीतरी घासणे भागच होते, आणि त्या काळी ते कसे होत असे याचे जे वर्णन उपलब्ध आहे ते वाचून त्या मजुरांविषयी करुणा उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही. ओतलेले सिलिंडर आडवे करून जमिनीला जखडीत. त्याच्या पोटात शिसे वितळवून ओतीत, म्हणजे तळाच्या वक्रतेशी तंतोतंत जुळणारा शिशाचा एक जड ठोकळा तयार होई. मग त्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी दोर बांधून, खाली कुरुंदाच्या जातीची एमरीची पूड व तेल घालून, धट्टीकट्टी माणसे तो आलटून पालटून इकडून तिकडे ओढीत. एक पट्टा घासून झाला की सिलिंडर थोडे फिरवावयाचे आणि पुन्हा तेच. यातून निघणारा पृष्ठभाग चकचकीत असे. तो गोल असेलच, सरळ असेलच, याची हमी मात्र कोणी देऊ शकत नसे.

स्कॉटलंडातील कॅरन येथील लोखंडी कारखान्यासाठी जॉन स्मीटन या थोर अभियंत्याने १७७० च्या सुमारास पाणचक्कीवर चालणारे तासण्याचे यंत्र योजले तेव्हा माणसांचे कष्ट वाचले, पण मूळ दोष तसाच राहिला. लांब दांड्याच्या टोकाला पात्यांचे डोके, दांड्याला आधार एकाच बाजूचा, आणि डोक्याचे ओझे तोलण्यासाठी सिलिंडरच्याच पोटातून चालणारा एक लहानसा चाकांचा गाडा, अशी ती रचना होती. गाडा चाले ओतकामाच्या उंचसखल जमिनीवरून, आणि पातेही निमूटपणे त्याच उंचवट्यांच्या आज्ञेत वागे. ज्या दोषाचे निवारण करावयाचे त्यालाच वाटाड्या नेमण्यासारखी ही तजवीज होती. स्मीटन हा अतिशय चिकित्सक मनुष्य असूनही त्याच्या ध्यानात हे यावे तितके आले नाही, याचे कारण बहुधा एवढेच, की न्यूकोमेनच्या धर्तीच्या यंत्रांना याहून अधिक काही लागत नव्हते.

ती गरज जेम्स वॉटने उत्पन्न केली. वाफ थंड करण्यासाठी स्वतंत्र पात्र योजावे आणि सिलिंडर सदैव तापलेलेच ठेवावे ही त्याची कल्पना १७६५ ची व तिची सनद १७६९ ची. परंतु सिलिंडर तापलेले ठेवावयाचे म्हटल्यावर दट्ट्यावरचा तो पाण्याचा थर वर्ज्य झाला, आणि पाणी गेले तशी पन्नास वर्षे झाकलेली भिंतीची सारी कुलंगडी एकदम उघडी पडली. किनील येथे वॉटने उभारलेल्या प्रायोगिक यंत्राचे सिलिंडर अठरा इंच व्यासाचे, कथलाचे, ठोकून घडवलेले होते. त्यातील फटी बुजवण्यासाठी त्याने बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, ताग, कागदाचा लगदा, जुन्या टोप्यांचे नमदे असे हाताला लागेल ते सर्व वापरून पाहिले. वाफ निसटतच राहिली. हे यंत्र हव्या त्या काटेकोरपणे घडवतील अशी हत्यारेही अस्तित्वात नाहीत आणि माणसेही नाहीत, असा अभिप्राय स्मीटनने दिल्याचे सांगतात, आणि त्या घटकेपुरता तो यथार्थच होता. सिद्धान्त पूर्ण, सनद हाती, भांडवलदार तयार, आणि एवढ्या सगळ्या संभारावर पाणी पडले ते एका भिंतीच्या वाकडेपणामुळे.

इकडे पुण्यात नारायणराव पेशव्यांच्या वधानंतर बारभाईंचे कारस्थान आकारास येत होते, १७७४ च्या वैशाखात सवाई माधवरावांचा जन्म व्हावयाचा होता, आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने तोफा भरीव ओतून मग आतून कोरण्याच्या आपल्या पद्धतीची सनद इंग्लंडच्या दरबारातून मिळवली. हा मनुष्य लोखंडाच्या नादाने इतका वेडावलेला, की पुढे त्याने लोखंडाची नाव पाण्यात सोडली आणि स्वतःला पुरण्यासाठी पेटीही लोखंडाचीच करवून ठेवली. तोफेच्या कामातून त्याला जी दृष्टी लाभली तीच त्याने पुढल्या वर्षी वेल्समधील बर्शमच्या कारखान्यात सिलिंडरला लावली. सिलिंडर दोन्ही बाजूंनी उघडे असते, तोफेसारखे एका बाजूने बंद नसते; तेव्हा दांडा आरपार घालावा, त्याला दोन्ही टोकांना भक्कम आधार द्यावा, सिलिंडर स्थिर ठेवावे आणि पात्यांचे डोके फिरत्या दांड्यावरूनच पुढे सरकवावे, एवढीच ही युक्ती. पाते आता ओतकामाच्या उंचवट्यांना विचारीत नव्हते, दांड्याच्या सरळपणाला विचारीत होते. टिप्टन येथील ब्लूमफील्ड खाणीवर १७७६ च्या मार्चमध्ये जे पन्नास इंची सिलिंडर बसले, त्यात कोठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने मोठ्या समाधानाने नमूद करून ठेवले आहे. आजच्या मापाने ही चूक अक्षम्य ठरेल. त्या दिवसाच्या मापाने तो चमत्कार होता.

बाष्पयंत्राचे जनकत्व वॉटला द्यावयाचे आणि विल्किन्सनला तळटीपेत बसवावयाचे, हा प्रघात मला अन्यायाचा वाटतो. सुमारे वीस वर्षे बोल्टन आणि वॉट यांच्या यंत्रांची जवळजवळ सर्व सिलिंडरे त्यानेच पुरवली. यंत्रे बनवण्याची मुखत्यारी वॉटकडे असताना त्याला न कळवता, हक्काची रक्कम न भरता, विल्किन्सनने काही यंत्रे परभारे विकली हेही तितकेच खरे. भावाशी झालेल्या कज्ज्यात हे बिंग फुटले, आणि मग बोल्टन-वॉट मंडळींनी १७९५-९६ मध्ये सोहो येथे स्वतःची ओतशाळा उभारून सिलिंडरे घरीच तासावयास प्रारंभ केला.

पुढील शतकाचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येतो. वाफेचा दाब वाढत गेला, ताग आणि चरबी यांचे गुंडाळे त्याला पुरे पडेनात, आणि १८५० च्या दशकात इंग्लंडातील रेल्वे-अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने दट्ट्याच्या खाचेत बसणारी, एका ठिकाणी कापलेली, स्वतःच्या ताणाने बाहेर दाबणारी धातूची रिंग प्रचारात आणली. ओटोचे इंजिन १८७६ मध्ये आणि डिझेलचे १८९७ मध्ये यशस्वी झाले, तेव्हा सिलिंडरात वाफेऐवजी ज्वाळा आली. ज्वाळेबरोबर काजळी आली, काजळीबरोबर झीज आली. दट्ट्या वरच्या टोकाला पोचून क्षणभर थबकतो, तेथे उष्णता सर्वाधिक आणि वंगण सर्वात कमी. म्हणून झीज तेथेच सर्वात खोल, आणि तिच्या वर, जेथे रिंग पोचतच नाही, तेथे न झिजलेल्या लोखंडाची एक कडा उभी राहते. शिवाय जोडदांडा तिरपा होताना दट्ट्याला एका कुशीवर रेटतो, त्यामुळे मूळचे वर्तुळ हळूहळू अंडाकृती होते. म्हणजे विल्किन्सनने घालवलेले दोन्ही दोष, वाकडेपणा आणि अगोलपणा, इंजिन स्वतःच आपल्या आयुष्यात पुन्हा कमावते.

मोटारींचा व्यापार वाढला तसे पात्याने तासलेल्या भिंतीवर समाधान मानणे कठीण झाले. अमेरिकेत वूस्टर येथील जेम्स हील्डने १९०५ च्या सुमारास सिलिंडरच्या आत घासचाक फिरवणारे यंत्र बाजारात आणले. चाक स्वतःभोवती फिरे आणि सिलिंडरच्या मध्याभोवतीही प्रदक्षिणा घाली. अखेर भिंत आरशासारखी होण्याची सोय झाली. आणि येथेच त्या कारागिरांच्या प्रत्ययास एक विपरीत गोष्ट आली, की आरशासारख्या भिंतीवर तेल ठरत नाही, नव्या रिंगा तिच्यावर बसत नाहीत, आणि इंजिन निळसर धूर टाकीत तेल जाळू लागते.

ज्या घरात दगडी जाते होते त्या घरातील कोणाही वृद्ध स्त्रीला याचे नवल वाटले नसते. जाते दळून दळून गुळगुळीत झाले की दाणे त्याच्या तळीवरून नुसते घरंगळतात, पीठ पडत नाही. मग टाकी लावणाऱ्याला हाक मारून तळीवर पुन्हा बारीक टिपे मारून घ्यावे लागतात. सिलिंडरच्या भिंतीचा न्यायही हाच. तिच्यावर सूक्ष्म रेघा असाव्या लागतात, त्यांच्या तळाशी तेलाचा साठा राहतो, आणि रेघांमधल्या टोकदार वरंब्यांवर नवी रिंग घासून घासून दोघी परस्परांच्या आकाराच्या होतात. इंजिन दीर्घकाळ, विशेषतः हलक्या ओझ्यावर, चालले म्हणजे वरंबे झिजतात, जळक्या तेलाचा राळेसारखा थर रेघांत भरतो, आणि भिंतीवर झिलई चढते. अशा भिंतीत कितीही महागड्या रिंगा घातल्या तरी त्या परक्याच राहतात.

ही टाकी लावण्याचे हत्यार म्हणजे होन, घासदगड बसवलेले. घासण्याची विद्या आपल्याकडे नवीन नव्हती. कुरुंदाची पूड लाखेत मळून केलेल्या चाकावर येथील जवाहिरे रत्नांना पैलू पाडीत आणि शिकलगार तलवारींना धार लावीत. परंतु एकसारख्या कणांचा, हव्या त्या जाडीचा, स्वस्त दगड उद्योगाला मिळाला तो एडवर्ड ॲचिसनने १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळशाची पूड यांपासून सिलिकॉन कार्बाइड तयार केले त्यानंतरच. सेंट लुईस येथे १९२४ मध्ये जोसेफ सनेनने जो धंदा काढला, त्याने पुढे गल्लीबोळातल्या गॅरेजांना हाताळता येतील असे होन पुरवले. मोठ्या कारखान्यातली ही विद्या दुरुस्तीच्या दुकानात उतरली आणि तेथून घराच्या मागील छपरीत शिरली.

तिला घरी आणण्याचे श्रेय फोर्डच्या मॉडेल टी या गाडीला दिले पाहिजे. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींवर गाड्या निघाल्या, त्यांतील कितीतरी शेतकऱ्यांनी घेतल्या, आणि जो शेतकरी नांगराचा फाळ स्वतः बसवतो तो गाडीचे हेड उघडावयास दुसऱ्याच्या दारी का जाईल? पुढे महायुद्धामुळे १९४२ च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेत खाजगी मोटारींचे उत्पादनच थांबले, आणि होती ती गाडी जगवणे एवढाच मार्ग उरला; त्या तीन-चार वर्षांत जे हात काळे झाले ते पुढे हौसेनेही काळे होत राहिले.

घरी हे काम करणाऱ्याची रीत तेव्हापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही. हेड आणि तेलाचे पॅन उतरवून दट्टे काढावयाचे. त्याआधी वरची कडा रीमरने कापावयाची, नाहीतर दट्ट्या वर येताना ती रिंगांची खाच फोडते. मग बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, मोजणारे गेज लावून वर, मध्ये आणि खाली, आडवे आणि उभे, असे व्यास मोजावयाचे. येथे प्रामाणिकपणा लागतो, कारण होन हा न्यायाधीश नाही, भिंत ज्या आकाराची असेल त्याच आकारावर तो रेघा काढतो. स्प्रिंगांनी बाहेर दाबले जाणारे त्याचे तीन दगड, स्मीटनच्या गाड्याप्रमाणेच, आहे त्या वाटेने चालतात. झीज मर्यादेत असेल तरच होनने भागते. अधिक असेल तर इंजिनाचा ब्लॉक मशीन-शॉपात नेऊन वीस किंवा तीस थाऊ, म्हणजे इंचाचे सहस्रांश, बोअर वाढवून घ्यावा आणि ओव्हरसाइज पिस्टन घालावा हेच शहाणपणाचे.

होन हातातल्या ड्रिलला लावून, भिंतीवर हलके तेल किंवा रॉकेल भरपूर सोडीत, फिरणे सावकाश आणि वरखाली नेणे झपाट्याचे, अशा बेताने चालवावा लागतो, म्हणजे चढतीच्या आणि उतरतीच्या रेघा एकमेकींना सुमारे पंचेचाळीस ते साठ अंशांत छेदतात. हात वरखाली मंद चालला तर रेघा आडव्या पडतात, त्यांत तेल वाजवीपेक्षा अधिक अडकते आणि रिंग त्यांवरून अडखळत जाते. हात फार वेगात गेला तर रेघा उभ्या होतात आणि तेल त्यांतून खाली निथळून जाते. दगड एकशेऐंशीपासून दोनशेऐंशी क्रमांकापर्यंतचा, रिंगांचा धातू पाहून निवडावयाचा. तो एकाच जागी फिरत ठेवला तर तेथे पोट पडते, आणि फिरता होन वर ओढून काढला तर दगड काठावर आपटून तुटतो. झिलई जाऊन रेघांचे करडे जाळे सर्वत्र उठले की थांबावयाचे. मला वाटते, हौशी माणसाला सर्वात जड जाते ते हे थांबणेच, कारण नवे करडे लोखंड दिसू लागले की आणखी दोन हात मारावे असा मोह पडतो आणि प्रत्येक हाताबरोबर फट वाढत असते.

त्यानंतरचे काम दिसावयास क्षुल्लक, पण इंजिनाचे आयुष्य ठरवणारे आहे. दगडाचे कण आणि लोखंडाचा कीस रेघांत रुतून बसलेला असतो. रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसले तर वरचे तेल जाते आणि कण जागच्या जागी राहतात. त्यांना बाहेर काढते ते गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरे फडके तेल लावून भिंतीवर फिरवावे, ते करडे झाले तर पुन्हा धुवावे, आणि ते पांढरेच राहिले म्हणजे तत्क्षणी तेलाचा हात द्यावा, कारण उघडे लोखंड पाहता पाहता गंजते. नवी रिंग आधी एकटीच बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने पाहावी. बोअरच्या प्रत्येक इंचामागे तीन-चार थाऊ हा जुना हिशेब आहे, आणि फट त्याहून कमी असेल तर तापल्यावर रिंगेची दोन टोके एकमेकींना भिडून भिंत खरवडतात.

कारखानदारांनी पुढे या रेघांचेही शास्त्र केले. आधी खोल रेघा काढून मग बारीक दगडाने वरंब्यांची टोके छाटावयाची, म्हणजे नवे इंजिन जणू काही काळ चालून आल्यासारखेच ग्राहकाच्या हाती पडते. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा पातळ, अतिकठीण लेप देण्याची रीत जर्मनीतील माले या कंपनीने १९६० च्या दशकात काढली. अशा सिलिंडरात बोअर वाढवता येत नाही आणि घरगुती होनचा साधा दगड तेथे निष्प्रभ ठरतो. घरच्या कारागिराची वहिवाट तेवढ्यापुरती संपली.

महाराष्ट्रात ही विद्या आली ती मुख्यत्वे विहिरीच्या काठाने. साताऱ्याचे धनजीशा कूपर, जे १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते, त्यांच्या कारखान्यातून नांगरांप्रमाणे तेलाची इंजिनेही निघाली. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या मंडळींनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळांनी इंजिनांच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या कामात नाव मिळवले. मोट सुटली आणि विहिरीवर, नदीकाठी, उसाच्या गुऱ्हाळावर इंजिन आले, तेव्हा त्याचा फिटरही खेड्यात आला. या इंजिनांपैकी पुष्कळांत सिलिंडरच्या आत वेगळा लायनर असतो. तो झिजला की ओढून काढून, पिस्टन-रिंगांसह नवा बसवावा, म्हणजे ब्लॉकला हात लावावा लागत नाही. खेड्यातल्या कामाला ही रचना फार मानवली, कारण तालुक्याच्या गावाहून लायनर-पिस्टनची जोडी पिशवीतून आणता येते, ब्लॉक मात्र गाडीत घालून न्यावा लागतो.

शहरातला मामला निराळा झाला. परवान्यांच्या त्या काळात नवी मोटार मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट, मग ती घरची असो वा मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, एकदा बोअर करून, पुन्हा बोअर करून, आणि भिंतीत आणखी मारण्याइतके लोखंड उरले नाही म्हणजे स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ मापावर आणून, चालवली जाई. बोअर मारणाऱ्या दुकानात ब्लॉक टाकून घरी जावयाचे आणि तो परत आणून रिंगा स्वतः चढवावयाच्या, अशी विभागणी करणारे मालक तेव्हाही होते आणि आजही, जुन्या जावा, येझदी, बुलेट बाळगणाऱ्यांत, आहेत. त्यांच्यातले जाणते लोक दुकानातून ब्लॉक धुऊन आला असे सांगितले तरी तो घरी आणल्यावर अंगणात ठेवून गरम पाण्याने पुन्हा धुतात.